अधिवेशनाचे गाव कोण ठरवणार?

पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरणार असे कानावर आले की आपल्या कार्यकर्त्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "यंदा कुठे?" ठराव कोणते येणार, अध्यक्ष कोण होणार, हे तो नंतर विचारतो. कारण 'कुठे' या एका शब्दावर त्याचे रेल्वेचे भाडे ठरते. किती दिवसांची मजुरी बुडणार ते ठरते. घरच्या बाईला सोबत नेता येईल की नाही, रात्री पाठ टेकायला शाळेची खोली मिळेल की फलाटावरच पथारी टाकावी लागेल, तेही ठरते. नेता विमानाने येतो आणि विमानाने जातो. त्याच्या दृष्टीने सगळी शहरे सारखीच. जनरलच्या डब्यातून बारा-चौदा तास उभ्याने प्रवास करणाऱ्याला ती सारखी नसतात.

परंतु हा साधा प्रश्न ठरतो कुठे आणि कसा, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? अशी बैठक ज्याने आतून पाहिली आहे, त्याला वेगळे सांगायला नको. एकजण म्हणतो, आमच्याकडे घ्या, मंडपाचा खर्च माझ्याकडे लागला. दुसरा म्हणतो, माझ्याकडे दोन हॉटेले आहेत, पाहुण्यांची सोय मी करतो. तिसऱ्या जिल्ह्याकडे चळवळ आहे, माणसे आहेत, पण पैसा नाही; तो गप्प बसतो. शेवटी साहेबांकडे पाहिले जाते. साहेब मान हलवतात आणि शहर ठरते. पुढच्या निवडणुकीत त्या मंडपवाल्याचे नाव उमेदवारांच्या यादीत दिसले, की मग आपण आश्चर्य करतो! आश्चर्य कशाचे? त्याचा सौदा अधिवेशनाचे गाव ठरले त्याच दिवशी झालेला असतो.

म्हणून हा प्रश्न मंडपवाल्यावर आणि जेवणाच्या ठेकेदारावर सोडून देण्यासारखा नाही. अधिवेशन कुणाच्या गावात, कुणाच्या जागेवर आणि कुणाच्या पैशाने भरते, यावर त्या अधिवेशनात कुणाचा आवाज ऐकला जाणार हे ठरते. या देशाचा राजकीय इतिहास उघडून पाहिला तर पानोपानी याचा पुरावा सापडतो.

मंडपाचा मालक कोण?

काँग्रेसपासूनच सुरुवात करू. १८८५ साली काँग्रेसचे पहिले अधिवेशन पुण्याला भरायचे होते. पुण्यात कॉलऱ्याची साथ आली आणि ते ऐनवेळी मुंबईला हलवावे लागले. २८ डिसेंबरला गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात ७२ प्रतिनिधी जमले. तो रोगाने घेतलेला निर्णय होता. त्यानंतरचे निर्णय माणसांनी घेतले. १८८८ साली अलाहाबादला अधिवेशन भरवायचे ठरले तेव्हा सरकारी अधिकारी जागाच मिळू देईनात. अखेर दरभंग्याच्या महाराजांनी 'लोथर कॅसल' हा वाडा विकत घेतला आणि काँग्रेसला बसायला जागा मिळाली. महाराजांच्या दाराने आत गेलेल्या पक्षाला पुढे जमीनदाराविरुद्ध किती बोलता येणार, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

१८९५ साली अधिवेशन पुण्याला आले. काँग्रेस आटोपली की त्याच मंडपात न्यायमूर्ती रानडे यांची सामाजिक परिषद भरायची, असा त्यापूर्वीचा रिवाज होता. बालविवाह, विधवांचे हाल, जातीची बंधने यांवर तिथे चर्चा व्हायची. पुण्यात मात्र सनातन्यांनी टिळकांच्या नेतृत्वाखाली हा रिवाज मोडून काढला. सामाजिक परिषदेला मंडप मिळणार नाही, असे ठरले. परिषदेने स्वतःचा मंडप घालतो म्हटल्यावर तो जाळून टाकण्याची धमकी देण्यात आली. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये या प्रसंगाची मुद्दाम आठवण दिली आहे. राजकीय सुधारणा आधी की सामाजिक सुधारणा आधी, या वादाचा निकाल वादविवादाने लागला नाही. तो मंडपाच्या मालकीने लागला. सामाजिक परिषद दुसऱ्या शहरांत काँग्रेसच्या मंडपात बसत आली होती. पुण्यात ती बाहेर पडली, कारण यजमान बदलला होता.

आणि खुद्द 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'ची कहाणी तरी दुसरी काय आहे? लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण लिहून झाले, छापून झाले. यजमानांनी ते वाचले आणि त्यांचे पाय लटपटले. अमुक भाग काढा, तमुक वाक्य गाळा, अशी विनवणी सुरू झाली. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळवले. मग मंडळाने परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने प्रसिद्ध केले आणि दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. दुसऱ्याच्या मंडपात आपले भाषण चालत नाही, हा धडा त्या छोट्या पुस्तकाच्या जन्माशीच जोडलेला आहे.

नागपूरचे सुरत झाले तेव्हा

गाव बदलले की सत्ता कशी बदलते, याचे सर्वांत ढळढळीत उदाहरण १९०७ सालचे आहे. त्या वर्षीचे काँग्रेस अधिवेशन नागपूरला ठरले होते. नागपुरात जहालांचा जोर होता. अध्यक्ष कोण यावरून तिथल्या स्वागत समितीतच भांडण जुंपले. मवाळांनी ही संधी साधली आणि अधिवेशन सुरतेला हलवले. सुरत मुंबई इलाख्यात, म्हणजे टिळकांच्या स्वतःच्या प्रांतात. यजमान प्रांतातला माणूस अध्यक्ष करायचा नाही, हा तेव्हाचा संकेत. एका शहराच्या जागी दुसरे शहर लिहिले आणि टिळकांचा अध्यक्षपदाचा रस्ता बंद झाला. पुढे सुरतेच्या मंडपात जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या आणि काँग्रेस दुभंगली. शाळेच्या पुस्तकात आपल्याला जोडा शिकवला जातो, गाव का बदलले ते शिकवले जात नाही.

इथे वाचकांच्या लक्षात एक गंमत आली असेल. बारा वर्षांपूर्वी पुण्यात मंडपाच्या बळावर रानड्यांच्या परिषदेला बाहेर काढणाऱ्यांनाच सुरतेत मंडपाच्या बळाने बाहेर काढले. यजमानपदाचे शस्त्र ज्याच्या हाती, त्याचा निकाल! त्या शस्त्राला विचार नसतो.

काँग्रेसलाही हे कळत होते. ज्या प्रांतात अधिवेशन, त्या प्रांतातल्या प्रतिनिधींचीच झुंबड उडायची. लांबचे लोक मूठभर आणि गावचे लोक हजारोंनी. १९२०च्या डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरले तेव्हा प्रतिनिधींचा आकडा चौदा हजारांच्या वर गेला. त्याच अधिवेशनात काँग्रेसने आपली घटना बदलली आणि लोकसंख्येच्या प्रमाणात, पन्नास हजारांमागे एक, असे प्रतिनिधी ठरवून टाकले. यजमान गावाच्या गर्दीने देशाचा निर्णय होऊ नये, एवढाच त्यामागचा हिशोब. हा हिशोब आपल्या पक्षांनी अजून नीट मांडलेला नाही. त्याकडे आपण पुढे येऊच.

त्याच १९२० सालच्या मे महिन्याच्या अखेरीस त्याच नागपुरात आणखी एक परिषद भरली होती. अखिल भारतीय बहिष्कृत परिषद. अध्यक्ष होते राजर्षी शाहू महाराज, आणि तरुण बाबासाहेब त्या व्यासपीठावर होते. त्याआधी मार्चमध्ये माणगावची परिषद झाली होती. एकाच शहरात एकाच वर्षी दोन परिषदा. एकीच्या मागे देशभरातले शेटजी आणि वकील, दुसरीच्या मागे वस्त्यावस्त्यांतून जमवलेली वर्गणी आणि एका छत्रपतीची माणुसकी.

चाळीस रुपयांचे पाणी

इतरांसाठी अधिवेशनाचे गाव म्हणजे सोयीचा किंवा डावपेचाचा प्रश्न असेल. आपल्यासाठी तो आधी जागेचा आणि पाण्याचा प्रश्न होता.

१९२४ साली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष झाले ते हेच एकमेव अधिवेशन. हजारो माणसांना पाणी कसे पुरवायचे, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा यजमानांनी अधिवेशनासाठी नवी विहीर खणली. ती आजही 'काँग्रेस विहीर' म्हणून दाखवली जाते. चांगली गोष्ट आहे. परंतु तीनच वर्षांनी, १९ आणि २० मार्च १९२७ रोजी, महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. महाडला तर चवदार तळे होते. १९२४ सालीच महाड नगरपालिकेने ते अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला होता. सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखे सहकारी गावात होते. दासगावचे रा. बा. मोरे गावोगाव फिरून परिषदेची तयारी करत होते. आणि तरीही परिषदेला आलेल्या माणसांसाठी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले! तळे समोर, ठराव दप्तरात, आणि पाणी विकत.

महाड का निवडले, याचे उत्तर या चाळीस रुपयांत आहे. जिथे आपली गैरसोय आहे, तीच जागा बाबासाहेबांनी निवडली. परिषद मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये भरवता आली असती. तिथे पाणी होते, खुर्च्या होत्या, वार्ताहर होते. पण मग तळ्याकडे चालत कोण गेले असते?

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तेव्हा गावाने दारे लावून घेतली. मंडपाला कुणी जमीन देईना. अखेर फत्तेखान नावाच्या एका मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. स्थानिक व्यापारी माल देणार नाहीत म्हणून धान्य-किराणा बाहेरून आणावा लागला. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी 'पद्मावती' बोटीने निघाले आणि दासगाव बंदरात उतरले. २५ डिसेंबर १९२७ला मनुस्मृतीचे दहन झाले ते फत्तेखानाच्या जमिनीवर घातलेल्या मंडपापाशी. आपल्या इतिहासातल्या एवढ्या मोठ्या दिवसाला जागा कुणी दिली, हे नाव आपल्या मुलांना पाठ असले पाहिजे. यजमान कोण असावा, याचा आपल्याकडचा पहिला मापदंड हा आहे: जो आपल्यासाठी गावाचा रोष पत्करतो, तो.

घर मुंबईला, अधिवेशन नागपूरला

आता नेमक्या विषयाकडे, म्हणजे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाकडे येऊ. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. त्याचे बळ मुख्यतः मुंबई इलाख्यात होते, थोडे मध्य प्रांत-वऱ्हाडात. १९४२च्या वसंतात क्रिप्स शिष्टमंडळ येऊन गेले आणि अस्पृश्य समाजाच्या हाती काहीच लागले नाही. अखिल भारतीय पक्षाशिवाय आता कुणी आपले ऐकणार नाही, हे स्पष्ट झाले. त्या पक्षाचा जन्म कुठे व्हावा? बाबासाहेबांचे घर मुंबईला. छापखाना, कार्यालय, गिरणगावातली हक्काची माणसे, सगळे मुंबईत. तरी परिषद भरली नागपूरला. १८ ते २० जुलै १९४२, मोहन पार्क. ऐन पावसाळ्यात!

नागपूरच का? नकाशा समोर ठेवला की अर्धे उत्तर मिळते. मुंबई-कलकत्ता आणि मद्रास-दिल्ली हे दोन्ही लोहमार्ग तिथे भेटतात. मद्रासच्या माणसाला, पंजाबच्या माणसाला, बंगालच्या माणसाला सारखेच लांब आणि सारखेच जवळ. उरलेले अर्धे उत्तर वस्त्यांत होते. एम्प्रेस मिलचे कामगार, कामठीचे विडी कामगार, किसन फागुजी बनसोडे यांच्यापासून चालत आलेली जागृती, १९३९ साली अकाली गेलेल्या बाबू हरदास यांनी घडवलेली कार्यकर्त्यांची फळी. १९३० साली अखिल भारतीय दलित काँग्रेस याच शहरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. म्हणजे यजमान एखादा धनाढ्य नव्हता. यजमान शहरातला कामगार होता.

आणि पाहा, अध्यक्ष कोण? मद्रासचे एन. शिवराज. सरचिटणीस पुण्याचे पां. ना. राजभोज. समता सैनिक दलाच्या परिषदेला पंजाबचे सरदार गोपालसिंग. महिलांची स्वतंत्र परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली, आणि तिला हजारो स्त्रिया. समाजाची प्रगती मी स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, अशा आशयाचे बाबासाहेबांचे प्रसिद्ध उद्गार याच मंडपातले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांची नेमणूक नुकतीच जाहीर झाली होती. त्या क्षणी देशातल्या अस्पृश्यांचा सर्वांत मोठा नेता कोण, याविषयी कुणालाही शंका नव्हती. असे असताना त्यांनी पक्ष आपल्या घरी जन्माला घातला नाही आणि त्याची खुर्चीही आपल्याकडे ठेवली नाही. दीड वर्षाने, जानेवारी १९४४ मध्ये, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे अधिवेशन भरले ते थेट कानपूरला.

याचे फळ काय मिळाले? १९४६ साली घटना समितीच्या निवडणुकीत मुंबईच्या विधिमंडळातून बाबासाहेबांना निवडून येणे शक्य नव्हते. तिथली सारी दारे काँग्रेसने बंद केली होती. उघडले ते बंगालचे दार. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना बंगालमधून निवडून दिले. फेडरेशन मुंबईपुरती राहिली असती, तिची अधिवेशने परळच्या मैदानावरच भरत राहिली असती, तर बंगालमधला नमोशूद्र कार्यकर्ता तिला आपली म्हणाला असता काय? अधिवेशनाचे गाव निवडताना चार वर्षांपूर्वी दाखवलेली दूरदृष्टी अशी उपयोगी पडली. घटना समितीत जाण्याचा बाबासाहेबांचा रस्ता परप्रांतात बांधलेल्या संघटनेतून गेला, हे विसरून चालणार नाही.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, रिपब्लिकन पक्षाची स्थापना पुन्हा नागपूरलाच झाली आणि अध्यक्ष पुन्हा एन. शिवराजच. पुढच्या काळात कांशीराम यांनीही जागेचा अर्थ नेमका ओळखला. पुणे कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा त्यांनी धिक्काराची सुरुवात २४ सप्टेंबर १९८२ला पुण्यातच केली आणि महिनाभराने शेवट केला जालंधरला. महाराष्ट्रात जन्मलेला विचार पंजाबात पोहोचवायचा असेल तर पंजाबात जाऊन मंडप घालावा लागतो, हे त्या पंजाबच्या सुपुत्राला कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

बाहेरच्या देशातला हिशोब

अमेरिकेत पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनासाठी शहरे रीतसर अर्ज करतात. सभागृह किती मोठे, हॉटेलच्या खोल्या किती, वाहतूक कशी, पैसा कोण उभा करणार, हे सारे कागदावर मागवले जाते. तिथेही डाव असतातच. १८६० साली रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनासाठी शिकागो निवडले गेले. इलिनॉय राज्यातून कुणी मोठा उमेदवार नाही, म्हणून हे शहर सर्वांना तटस्थ, असे नॉर्मन जड या तिथल्या नेत्याने पटवून दिले. प्रत्यक्षात त्याच राज्याचा अब्राहम लिंकन मैदानात उतरला, त्याच्या समर्थकांनी सभागृह भरून टाकले आणि तिसऱ्या फेरीत त्याला उमेदवारी मिळाली. डाव खरा, पण त्यातून गुलामगिरी मोडणारा राष्ट्राध्यक्ष निघाला.

अलीकडचे उदाहरण अधिक शिकवणारे आहे. २०२४च्या अधिवेशनासाठी डेमोक्रॅटिक पक्षासमोर शिकागो, अटलांटा आणि न्यूयॉर्क ही नावे होती. अटलांटा म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांचे शहर, काळ्यांच्या नागरी हक्क लढ्याचे माहेरघर. परंतु तिथल्या बहुतेक हॉटेलांत कामगार संघटना नाहीत. जिथे वाढप्याला आणि खोल्या झाडणाऱ्या बाईला संघटनेचा हक्क नाही, तिथे आमच्या पाठिंब्यावर चालणाऱ्या पक्षाने उतरायचे कसे, असा सवाल कामगार संघटनांनी केला. अखेर एप्रिल २०२३ मध्ये शिकागोचे नाव जाहीर झाले. निर्णयामागे राजकारण आणि पैसाही होताच. पण अधिवेशनाच्या खोल्या कोण झाडणार आणि तिला काय मिळणार, हा प्रश्न तिथे उघडपणे चर्चेत आला. आपल्या अधिवेशनानंतर मैदान कोण झाडते? संडास कोण साफ करते? बहुतेक वेळा ठेकेदाराने रोजंदारीवर आणलेला आपलाच भाऊ, आपलीच बहीण. व्यासपीठावर सफाई कामगारांच्या हक्काचा ठराव, आणि मैदानात त्याच दिवशी त्याच कामगाराची किमान वेतनाहून कमी मजुरी! या विसंगतीची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

आपण काय करायचे?

काही जण म्हणतील, हे सारे ठीक, पण मुंबई किंवा नागपूर म्हटले की गर्दी हमखास; लखनौ, हैदराबाद किंवा कलकत्त्याला अधिवेशन घेतले तर मैदान रिकामे दिसेल आणि विरोधक हसतील. या म्हणण्यात तथ्य आहे. पण इथे मेळावा आणि अधिवेशन यांची गल्लत होते आहे. मेळाव्याला गर्दी लागते. अधिवेशनाला प्रतिनिधी लागतात. निवडून आलेले, ठराव वाचून आलेले, हात वर करण्याआधी प्रश्न विचारणारे प्रतिनिधी. लाख माणसांसमोर नेत्याने दोन तास भाषण करायचे, टाळ्यांच्या गजरात सगळे ठराव एका दमात मंजूर करायचे आणि त्याला राष्ट्रीय अधिवेशन म्हणायचे, ही आपण स्वतःची केलेली फसवणूक आहे. पाचशे खरे प्रतिनिधी असतील तर मैदान कशाला लागते? एखाद्या महाविद्यालयाचे सभागृह पुरते.

दुसरा आक्षेप पैशाचा. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याच शहरात अधिवेशन घेणे भाग पडते, असे सांगितले जाते. चळवळीचा इतिहास हे मान्य करत नाही. महाडच्या परिषदेमागे कोणता धनाढ्य होता? पै-पैशाची वर्गणी, घरची भाकरी आणि पायी केलेला प्रवास, यांवर ती उभी राहिली. यजमान एकच असला की उपकार होतो. वर्गणीदार हजार असले की हक्क होतो. अधिवेशनाचा खर्च प्रतिनिधी शुल्कातून आणि वर्गणीतून उभा करावा, आणि पै न पैचा हिशोब महिनाभरात छापून कार्यकर्त्यांच्या हाती द्यावा. हिशोब छापायची तयारी नसेल त्या जिल्ह्याने यजमानपद मागूच नये.

मग गाव निवडायचे कसे? त्यासाठी मोठी समिती नको, चार प्रश्न पुरेत. हे प्रश्न आधी जाहीर करावेत, इच्छुक जिल्ह्यांकडून लेखी उत्तरे मागवावीत आणि निर्णय कार्यकारिणीत मतदानाने घ्यावा.

पहिला प्रश्न, सर्वांत लांबचा आणि सर्वांत गरीब प्रतिनिधी तिथे साध्या गाडीने पोहोचू शकतो काय, आणि त्याला पाहिजे तेवढे दिवस राहण्याची सोय बुद्ध विहारात, शाळेत, वस्तीत होते काय? दुसरा प्रश्न, बाया तिथे मुलाबाळांसह निर्धास्त राहू शकतात काय? त्यांच्यासाठी स्वच्छ संडास, आंघोळीची जागा, रात्रीचा उजेड यांची हमी काय? ज्या अधिवेशनात स्त्रियांच्या झोपण्याची सोय नाही, तिथे स्त्रिया येत नाहीत. आणि मग व्यासपीठावर 'महिलांचा प्रतिसाद कमी' अशी खंत व्यक्त होते. तिसरा प्रश्न, त्या भागात आपले काम काय? तिथे जमिनीचा, शिष्यवृत्तीचा, अत्याचाराचा कोणता लढा चालू आहे, आणि अधिवेशनामुळे त्या लढ्याला बळ मिळणार की फक्त झेंडे लागणार? चौथा प्रश्न, गेल्या खेपेला कोणत्या प्रांताला यजमानपद मिळाले होते? त्याच प्रांताला लागोपाठ दोनदा देऊ नये.

आणि या चारही प्रश्नांच्या वर एक नियम असावा. यजमान जिल्ह्याचे प्रतिनिधी प्रमाणाबाहेर असता कामा नयेत. १९२० साली काँग्रेसने स्वतःला घातलेली ही मर्यादा घटनेच्या शिल्पकाराचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी आणखी किती वर्षे टाळायची? बघायला गावातल्या सर्वांनी यावे, ऐकावे, जेवावे. मत मात्र निवडलेल्या प्रतिनिधीचेच. ज्याचे गाव त्याचाच अध्यक्ष, हा प्रकार त्याशिवाय थांबणार नाही.

आपल्याकडे गटागटांची अधिवेशने होतात. एकाच शहरात, कधी कधी एकाच तारखेला, दोन मैदानांवर दोन मंडप आणि दोन्हींवर बाबासाहेबांचा तोच फोटो. खेड्यातून आलेला म्हातारा कार्यकर्ता रेल्वेतून उतरतो आणि विचारतो, आपला मंडप कोणता? या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नाही. ऐक्याच्या घोषणा खूप झाल्या. ऐक्य एकदम होणार नसेल तर निदान एवढे तरी व्हावे: सगळ्यांनी मान्य केलेले एक तटस्थ गाव, कुणाही नेत्याचा बालेकिल्ला नसलेले, वर्गणीतून उभा केलेला एक मंडप, आणि सगळ्या गटांच्या निवडलेल्या प्रतिनिधींची एक बैठक. गाव ठरवण्याइतके जरी एकमत झाले, तरी पुढच्या गोष्टी बोलता येतील. आणि गाव ठरवण्याइतकेही एकमत होत नसेल, तर दोष कुठे आहे हे तरी समाजाला दिसेल.

महाडला चाळीस रुपये देऊन ज्यांनी पाणी विकत घेतले, त्यांच्यापाशी ना हॉटेल होते, ना मंडपवाला. पण परिषद कुठे भरवायची आणि तिथेच का भरवायची, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आज पाणी बाटलीत येते, ते व्यासपीठावर मांडलेलेही असते. ते कुणाच्या पैशाचे आहे, एवढे एकदा विचारायला प्रत्येक कार्यकर्त्याने शिकावे. पुढच्या वेळी "यंदा कुठे?" असे विचाराल, तेव्हा त्याला आणखी दोन प्रश्न जोडा: कुणी ठरवले? आणि का?

जयभीम!